सात सेफ्टी पिना आणि अकरा मिलिमीटर

अकरा मिलिमीटर. मी तीन वेळा मोजलं आणि तिन्ही वेळा अकराच आलं. चौथ्यांदा मोजायला माउस हातात घेतला, तेवढ्यात आमची टेक्निशियन सुलक्षा दारातून म्हणाली, "सर, पेशंटाक टेबलावरून उतरवू? अर्धो तास झालो. तिका थंडी वाजता."

"कॉन्ट्रास्ट सगळो दिलंस?"

"दिलंय."

"मगे उतरव. पण घरी धाडू नको. भायर बसव."

सुलक्षाने माझ्या तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी कोणाला बाहेर बसवून ठेवायला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे स्कॅन झाला की माणूस घरी जातो, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळतो. पण या फोटोंचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, आणि न कळणारी गोष्ट डोळ्यांपुढून जाऊ द्यायला मला आवडत नाही.

मी रेडिओलॉजिस्ट. म्हणजे अंधाऱ्या, गारठलेल्या खोलीत बसून माणसांचे आतले फोटो बघणारा डॉक्टर. पेशंट मला ओळखत नाही आणि मी पेशंटला ओळखत नाही, अशी आमची जुनी सोय आहे. माझं घर पेडण्याला. डिचोलीच्या एका खासगी सेंटरात मी रोज येतो. साखळी, लाटंबार्से, आमोणे इथली माणसं येतात, गोव्याच्या हद्दीपलीकडून दोडामार्गचीही येतात.

ही बाई लाटंबार्से गावची. सानिका परब, वय सव्वीस. नवरा वास्कोला बंदरात क्रेनवर असतो, सुट्टी मिळाली की घरी येतो. दोन आठवडे तिचं डोकं दुखत होतं, मधूनच अंधुक दिसत होतं. नवऱ्याने तिला वास्कोच्या एका फिजिशियनला दाखवलं. त्यांनी रक्त तपासलं, त्यात प्रोलॅक्टिन बरंच वाढलेलं निघालं. प्रोलॅक्टिन म्हणजे बाईला दूध आणणारं हार्मोन. ते पिट्युटरी ग्रंथीतून येतं. त्यामुळे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, पिट्युटरीत ट्यूमर आहे का बघा. आज तिच्यासोबत तिची मोठी जाऊ आली होती. नवऱ्याला शिफ्ट होती.

आता ही पिट्युटरी काय चीज आहे ते सांगतो. चण्याएवढी ग्रंथी. नाकाच्या मुळामागे कवटीच्या तळाला हाडाचा एक खळगा असतो, त्यात ती बसते. वरून मेंदूचा बारीक देठ तिच्यापर्यंत येतो. काजूचा बोंडू देठाला लोंबतो तशी ती मेंदूला लोंबत असते. पाळी, दूध, उंची, थायरॉइड, तहान, एवढ्या सगळ्यांचा कारभार या चण्याकडे. तिचे दोन भाग, पुढचा मोठा आणि मागचा लहान. एमआरआयच्या एका प्रकारच्या फोटोत मागचा भाग पांढरा ठिपका होऊन दिसतो. त्याला आम्ही ब्राइट स्पॉट म्हणतो. ग्रंथीच्या वर थोडी मोकळी जागा असते आणि त्याच्यावर दोन्ही डोळ्यांच्या नसांचा तिठा. गाठ वर वाढली की पहिला दाब त्या तिठ्यावर येतो आणि माणसाला कडेचं दिसेनासं होतं.

तरुण बाईत ही ग्रंथी दहा मिलिमीटरच्या आत असते. हिची अकरा. वरची कड सपाट किंवा जराशी खोलगट हवी, ती फुगून वर आलेली. तिठ्याला अजून टेकली नव्हती, पण फार अंतरही उरलं नव्हतं. एवढंच बघितलं असतं तर मी ट्यूमर लिहून चहा प्यायला गेलो असतो.

घोळ असा, की बाकी सगळं नॉर्मल होतं. नुसतं नॉर्मल नव्हे, विद्यार्थ्यांना दाखवावं इतकं नॉर्मल. ब्राइट स्पॉट जागच्या जागी. गाठ असली की देठ एका बाजूला ढकलला जातो, हिचा देठ सरळ, अगदी मधोमध. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून देतो ते औषध. ते गाठीत उशिरा पोचतं, म्हणून गाठ तेवढी काळपट राहते. हिच्या ग्रंथीत ते एकसारखं पसरलेलं. काळपट काहीच नाही. सगळी ग्रंथी नॉर्मल, फक्त मोठी.

अशी सगळीच्या सगळी ग्रंथी कशाने फुगते? वयात येताना फुगते, पण ही सव्वीसची. थायरॉइड मंदावलं की फुगते. रक्ताचा रिपोर्ट बघितला, थायरॉइड ठीक. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर फुगते, बारा मिलिमीटरपर्यंत जाते आणि काही महिन्यांत मूळ पदावर येते. मी फॉर्म उघडला. स्कॅनआधी पेशंटकडून भरून घेतो तो. गरोदर आहात का? नाही. अंगावर पाजता का? नाही. मुलं किती? नाही. खाली सही, सानिका.

म्हणजे तिन्ही दरवाजे बंद. मी खुर्चीत मागे टेकून छताकडे बघत बसलो.

तेवढ्यात घरून फोन आला. बायको वैतागलेली होती.

"अवो, पोस्टमन नवो इलोहा. माझा रजिस्टर परत न्हेता म्हणता. शालिनी म्हणान कोण ह्या घरात रवणा नाय, असां शेजाऱ्यांनी तेका सांगल्यानी. तुमीच सांगा तेका."

शालिनी हे तिचं माहेरचं नाव. आमच्याकडे ती विनया. माहेरच्या जमिनीच्या कागदांवर मात्र अजून शालिनीच आहे. मी पोस्टमनला फोनवर घेतलं आणि विचारलं, "नोकरीला कुठे लागलात तुम्ही, गोव्यात की चंद्रावर? लग्नात बाईचं नाव बदलतात हे माहीत नाही?" तो बिचारा म्हणाला, "साहेब, माका कागदावर जां दिसता तां मी बघतंय." मी त्याला आणखी चार शब्द सुनावले. डोकं पिट्युटरीत अडकलेलं, राग त्याच्यावर निघाला.

फोन ठेवतो तोच दुसरा आला. आमच्या सेंटरचे मालक, त्यांना आम्ही मोठे डॉक्टर म्हणतो. ते पणजीला बसतात आणि तिथून त्यांना आमचा स्क्रीन दिसतो.

"पिट्युटरीचा रिपोर्ट झाला?"

"नाही. घोळ आहे."

"कसला घोळ? अकरा आहे ना? दहाच्या वर म्हणजे मॅक्रोॲडिनोमा."

मॅक्रोॲडिनोमा म्हणजे पिट्युटरीची मोठी गाठ.

"गाठ दहाच्या वर असेल तर मॅक्रो. तुम्हाला गाठ दिसली का?"

"सगळीच गाठ आहे असं समजा."

"मग ग्रंथी कुठे गेली? आणि ब्राइट स्पॉट कसा दिसतो?"

"हे बघा, वास्कोच्या फिजिशियनने सर्जनशी बोलून ठेवलंय. सर्जन परवा तिला बघणार आणि सोमवारी ऑपरेशन थिएटर रिकामं ठेवलंय. रिपोर्ट चारपर्यंत द्या."

घड्याळात अडीच वाजले होते. हे ऑपरेशन नाकातून करतात. चांगल्या हातात चांगलं होतं. पण गाठ काढायला आत गेलात आणि तिथे गाठच नसली, तर हात लागणार तो चांगल्या ग्रंथीला. ती दुखावली की पाळी गेली, मूल होणं गेलं, जन्मभर गोळ्या. उलट मी नॉर्मल लिहिलं आणि आत खरंच काही असलं, तर दृष्टी जायची. दोन्हीकडून ती बाईच मरणार होती, आणि माझ्याकडे होतं काय, तर तीन वेळा मोजलेले अकरा मिलिमीटर.

सुलक्षा आत आली. "सर, ती इचारता, ऑपरेशन केल्यार मगे पोरां होतत काय?"

"लग्न कधी झालंय तिचं?"

"दोन वर्सां झाली म्हणता."

दोन वर्षं, मूल नाही, विचारणारच, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यावर मी तो प्रश्न सोडून दिला. आज आठवलं की स्वतःचा राग येतो.

पाणी प्यायला बाहेर आलो. काउंटरवर स्टीलची एक वाटी असते. एमआरआयचं मशीन म्हणजे भलामोठा लोहचुंबक, त्यामुळे आत जाण्याआधी पेशंटच्या अंगावरच्या सगळ्या धातूच्या वस्तू काढून या वाटीत ठेवतो. सुलक्षा या कामात फार कडक आहे. मंगळसूत्र काढायला बायका तयार नसतात, तेव्हा ती काळा दोरा बांधायला देते, पण काढायला लावतेच. वाटीत दोन केसांच्या पिना होत्या आणि सेफ्टी पिना. मोजल्या. सात.

"इतक्यो पिनो कोणाच्यो गो?"

"तिच्योच, सर. छातीक कापड आवळून बांधिल्लां, तेका मारलेल्यो. सगळ्यो काडलंय." सुलक्षाच्या आवाजात अभिमान होता. "एक रवली असती तर फोटो खराब झाले असते."

"आणि कापड?"

"कापड रवूक दिलंय. कापडाक मॅग्नेट काय करतलो?"

"कशाक बांधलां तां इचारलंस?"

"नाय. पाठीत दुखत असात असां वाटलां." मग तिला काहीतरी आठवलं. "भितर जायांची फुलां होती. सुकलेली. देवाची असतीत म्हणान हात लावूक नाय."

मी वाटीकडे बघत उभा राहिलो. आमच्या गावच्या बायका दूध आटवायला जाईची फुलं छातीला बांधतात. शास्त्र मला विचारू नका, माझ्या आईनेही बांधली होती असं ऐकलंय. म्हणजे हिला दूध येत होतं. आणि ते लपवण्याइतकं, आवळून सात पिना मारण्याइतकं येत होतं.

तुम्ही म्हणाल, झालं, सुटलं कोडं. मला तर वाटलं, आता पुरता बुडालो. कारण प्रोलॅक्टिनची गाठ असली की मूल नसतानाही बाईला दूध येतं. ते तर त्या गाठीचं लक्षणच. रक्तात प्रोलॅक्टिन वाढलेलं, अंगावर दूध, ग्रंथी मोठी, मूल नाही. कोणत्याही परीक्षेत हे चार मुद्दे लिहिले तर उत्तर ट्यूमर. आणि फोटो मात्र सांगतोय, नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

जाऊबाईंना आत बोलावलं. चाळिशीची, सडसडीत बाई, हातात सानिकाचं मंगळसूत्र धरून बसलेली. त्यांचं नाव शेवंती.

"वयनी, हिका दूध येता?"

त्यांनी नजर खाली घातली. "रक्तात काय तरी वाढलां म्हणान येता, असां माका वाटता."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिस."

"पोरां नाय?"

"नाय."

"कधी दिस रवलेले? पडलां, गेलां, असां काय?"

वयनींनी मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं. "डॉक्टर, तिच्या म्होऱ्यात असां काय एक इचारू नकात. तुमच्या पायां पडतंय. मशीनीत काय दिसलां तां सांगा."

हे उत्तर नव्हतं. पण नाही असंही त्या म्हणाल्या नव्हत्या. मी सुलक्षाला हाक मारली.

"हिचे जुने कागद काय असत?"

"पिशवीत होते ते सगळे फायलीत लायले, सर. एक दुसऱ्याच बायलेचो होतो, चुकान इल्लो. तो तांबड्या ट्रेत घातलंय. तुमीच सांगिल्लां तसां."

सांगितलं होतं खरं. काही महिन्यांपूर्वी दोन पेशंटांचे कागद एकमेकांत गेले, एकाच्या गुडघ्याचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फाइलमध्ये. तेव्हा मी सगळ्या स्टाफला उभं करून झापलं होतं. ज्या कागदावरचं नाव जुळत नाही तो फाइलला लावायचा नाही, वाचत बसायचा नाही, सरळ तांबड्या ट्रेमध्ये. हा नियम माझा. भिंतीवर कागद चिकटवलाय तोही माझ्याच अक्षरातला.

"आण तो."

कागद हद्दीपलीकडच्या सरकारी दवाखान्यातला होता. डिस्चार्ज कार्ड, प्रसूती विभाग. नाव रेश्मा गवस, वय सव्वीस. प्रसूती साधी. मुलगा. खाली बाळाचं वजन, मग श्वासाच्या त्रासाबद्दल दोन ओळी, मग एक ओळ वेगळ्या शाईत. बाळ चौथ्या दिवशी गेलं. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची.

मी कार्ड उलटंसुलटं केलं. रेश्मा गवस. कोण ही रेश्मा? सानिका परबच्या पिशवीत हिचा कागद काय करतो? आणि मग मला तो पोस्टमन आठवला. शालिनी म्हणून कोणी इथे राहत नाही.

आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. त्या क्षणापासून ती सासरी नव्या नावाची. माहेरच्या रेशनकार्डावर, आधारवर, दवाखान्याच्या केसपेपरवर मात्र जुनीच राहते, बदलायला कोण जातो? पहिलं बाळंतपण माहेरी. माहेरी ती रेश्मा. तासाभरापूर्वी एका माणसाला मी ज्या चुकीबद्दल चंद्रावर पाठवलं होतं, तीच चूक माझ्या भिंतीवर माझ्या अक्षरात लिहिलेली होती. त्याने निदान शेजाऱ्यांना विचारलं तरी.

सुलक्षाला म्हटलं, वयनींना चहा पाजायला घेऊन जा, आणि सावकाश या. मग सानिकाला आत बोलावलं. ती स्वेटर घालून, हात पोटाशी घेऊन बसली. बारीक चेहरा, डोळ्यांखाली काळं. अंधारात फोटो बघणाऱ्या माणसाला समोर जिवंत चेहरा आला की काय बोलावं ते सुचत नाही. मी खिडकीचा पडदा सरकवला, जरा उजेड आला.

"बाय, तुझां म्हायारचां नाव काय?"

"रेश्मा."

मी कार्ड तिच्यापुढे ठेवलं. तिने हात लावला नाही.

"हां तुझां?"

तिने मान हलवली.

"मगे फॉर्मार पोरां नाय असां कशाक लिवलंस?"

"नाय म्हणानच नाय लिवलंय." ती सरळ माझ्याकडे बघून बोलली. "चार दिस होतो. सव्या दिसाची सटी झाली नाय, बारसां झालां नाय. बारसां झालां नाय तां पोर मोजूचां नाय, असां सगळीं म्हणतत. मगे मी काय लिवतलंय? गरोदर नाय. पाजतंय कोणाक? पाजणंय नाय. सगळां खरांच लिवलंय."

मी फॉर्म बघितला. खरं होतं. तिन्ही उत्तरं शंभर टक्के खरी होती. आमचे प्रश्नच असे, की पाच आठवड्यांची बाळंतीण त्यांच्या मधून निघून जावी.

"वास्कोच्या डॉक्टरांक?"

"तेनीं इचारल्यानी, पोरां किती. नाय म्हटलंय. फुडे तेनीं काय इचारूक नाय."

"आणि तुझो घोव?"

"तेंका वाटता, विषय काडलो नाय तर मी विसरान. घरात कोण काडीत नाय. वयनी रोज फुलां बांधता, तीय काय बोलणा नाय." मग मघाशी सुलक्षाला विचारलेलं तिने मला विचारलं. "डॉक्टर, ऑपरेशन केल्यार मगे माका पोर होतलां?"

मघाशी मला तो मूल न झालेल्या बाईचा प्रश्न वाटला होता.

"ऑपरेशन कसलां?" मी म्हणालो. माझा आवाज जरा चढला, रागाने नव्हे. "गाठ खंय आसा? तुझी ग्रंथी बाळंतिणीची. बाळंतिणीची जशी होई तशीच. दूध आणूचां काम तिचां, तां ती करता. तिका कोणी सांगूक नाय, बाळ नाय म्हणान."

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. ते तोंडातून गेलं. सानिका रडायला लागली, आणि अशी रडली, की मी उठून पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं. थोड्या वेळाने ती डोळे पुसून म्हणाली, "बाळंतीण म्हणान माका कोणी एकान हाक मारूक नाय, डॉक्टर. म्हायारी आवशीन सुद्दां."

वयनी चहा पिऊन आल्या, तिला रडताना बघून माझ्यावर तापल्या. "तुमका सांगलंय मां मी, तिच्या म्होऱ्यात काडू नकात?"

"सांगलंत. पण तिच्या डोक्यात गाठ आसा म्हणान सोमवारी नाकातसून ऑपरेशन करणार होते. तां होऊक नको होतां मां?"

वयनी खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "तिका तरास नको म्हणान आमी गप." त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. रोज उठून ताजी फुलं तोडून आणणारी तीच बाई होती. त्यांनी पुढे सरून सानिकाचं मंगळसूत्र तिच्या गळ्यात घातलं आणि मागची कडी लावायला त्यांना बराच वेळ लागला.

रिपोर्ट लिहिला. ग्रंथीची उंची अकरा मिलिमीटर, वरची कड फुगीर, बाकी रचना नॉर्मल, गाठ दिसत नाही, प्रसूतीनंतरच्या पाचव्या आठवड्याला हे चित्र धरून आहे. पण एवढ्यावर थांबता येत नाही. बाळंतपणानंतर या ग्रंथीला क्वचित सूज येते, ती फोटोत जवळपास अशीच दिसू शकते. म्हणून खाली लिहिलं, सगळी हार्मोन्स तपासा, डोळ्यांची तपासणी करा, सहा महिन्यांनी एमआरआय पुन्हा. माझी खात्री किती टक्के होती ते मी कोणाला सांगितलं नाही.

चार वाजता मोठ्या डॉक्टरांचा फोन. "प्रसूती? ही हिस्टरी कुठून आली?"

"तांबड्या ट्रेमधून."

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्याच फर्निचरमधून. सर्जनला कळवा, सोमवारचं रद्द."

वास्कोच्या फिजिशियनला मी स्वतः फोन केला. ते भले माणूस होते, पण दुखावले. म्हणाले, "डॉक्टर, मी विचारलं होतं, मुलं किती."

मी म्हणालो, "मीही तेच विचारलं होतं."

पुढच्या तपासण्या ठीक निघाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांना कडेची दृष्टी नॉर्मल वाटली, चष्म्याचा नंबर मात्र वाढलेला होता. डोकेदुखी कशाची, ते शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. जागरण असेल, उपाशी राहणं असेल, चष्मा असेल. कमी झाली एवढं खरं. रेडिओलॉजिस्टच्या नशिबी गोष्टीचा अर्धाच भाग येतो, बाकीचा दुसरीकडे घडतो.

मी भिंतीवरचा माझा कागद काढला. फॉर्ममध्ये दोन ओळी घातल्या. माहेरचं नाव. आणि, आजवर बाळंतपण झालं आहे का, शेवटचं कधी, मूल असो वा नसो. सुलक्षाने आपल्या वाटीजवळ स्वतः एक चिठ्ठी लावली आहे. पिन काढताना, ती कशाला लावली होती ते विचारायचं.

सहा महिन्यांनी सानिका परत आली. या खेपेला नवरा सोबत होता. गप्प माणूस, क्रेनवर काम करून हात काळे झालेले. फॉर्म तिने भरला, तो शेजारी बसून बघत होता. स्कॅन झाला. उंची साडेसहा मिलिमीटर. वरची कड सपाट. ब्राइट स्पॉट जागेवर, देठ मधोमध. मी एकदाच मोजलं.

रिपोर्ट लिहीत होतो, तेव्हा सुलक्षा फॉर्म घेऊन आली. "सर, हो परत भरून घेव? पोरां किती, तेच्यात तिणां एक असां लिवलां. घोव बाजूक बसलेलो, तोय काय बोलाक नाय."

मी बघितलं. नाव सानिका परब, माहेरचं नाव रेश्मा गवस. मुलं किती, एक. अक्षर ठसठशीत.

"तसोच फायलीक लाय," मी म्हणालो. "आणि तां डिस्चार्ज कार्ड तेच्या पाठीक लाय. नाव जुळणा नाय तरी."